आयर्लंडचे नवे अभिजात संगीत : कागदावरून कानापर्यंत

मराठीत ‘संगीतकार’ म्हटले की गीताला चाल लावणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. चित्रपटगीत असो, नाट्यपद असो वा भावगीत, संगीतकाराने चाल बांधायची, गायकाने ती आपल्या गळ्याने फुलवायची आणि साथीदारांनी आपापल्या समजेप्रमाणे भर घालायची, अशी आपल्याकडची वाटणी आहे. युरोपीय परंपरेतला ‘कंपोझर’ याहून निराळे काम करतो. कोणत्या वाद्याने कोणत्या क्षणी कोणता स्वर, किती जोराने आणि किती वेळ वाजवायचा हे सारे तो कागदावर लिहून ठेवतो. म्हणून या लेखात त्याला ‘रचनाकार’ म्हटले आहे. तसेच ‘क्लासिकल’साठी ‘शास्त्रीय’ न म्हणता ‘अभिजात’ म्हटले आहे, कारण ‘शास्त्रीय’ हा शब्द ऐकताच आपले मन थेट रागाकडे धावते.

हा नुसता परिभाषेचा कीस नाही. आपल्या रागसंगीतात बंदिश शेदोनशे वर्षांची असली तरी त्या संध्याकाळचे गाणे गायकाचेच असते; रचणारा आणि सादर करणारा यांच्यात फारकत नाही. लिखित रचनेत ती पुरती आहे. कादंबरी कपाटात पन्नास वर्षे पडून राहिली तरी एखादा वाचक ती काढून एकटाच वाचू शकतो. सिंफनी ‘वाचायला’ सत्तर-ऐंशी वादक लागतात, कंडक्टर लागतो, सभागृह आणि तालमी लागतात, आणि या सर्वांचे मानधन लागते. रचनाकाराने शेवटची दुहेरी रेघ मारली तेव्हा काम निम्मेच झालेले असते. आजच्या आयरिश रचनाकारांविषयी लिहिताना त्यांच्या शैलीइतकाच हा उरलेला निम्मा भाग मला महत्त्वाचा वाटतो. हे संगीत वाजते कुठे, वाजवतो कोण आणि ते दुसऱ्यांदा वाजते का?

आयर्लंडचे प्रजासत्ताक म्हणजे २०२२ च्या जनगणनेनुसार सुमारे ५१ लाख लोकसंख्येचा देश. वाइल्ड, शॉ, येट्स, जॉइस, बेकेट, हीनी ही नावे आपल्या महाविद्यालयांतही परिचित आहेत. दुसरीकडे फिडल, बासरी आणि काखेतल्या भात्याने हवा भरून वाजवायचे इलन पाइप्स यांचे पारंपरिक संगीत जगभर ऐकले जाते. साहित्याची एवढी मोठी सावली एका बाजूला आणि लोकसंगीताचा एवढा मोठा आवाज दुसऱ्या बाजूला. मध्ये उभा असलेला रचनाकार कोणाला दिसतच नाही. रचनाकार रेमंड डीन यांनी नव्वदच्या दशकात या स्थितीवर एक निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकाचा मराठीत अर्थ होतो : ‘अस्तित्वात नसण्याचा मान’. शीर्षकातला कडवटपणा लपवलेला नाही.

या अदृश्यतेचे एक मूळ बरेच मागे सापडते. १७९२ साली बेलफास्टमध्ये जुन्या आयरिश हार्पवादकांचा एक मेळावा भरला. परंपरा संपत चालली आहे, शेवटचे वादक म्हातारे झाले आहेत, तेव्हा त्यांच्याजवळचे निदान लिहून तरी घ्यावे, हा हेतू. दहा आयरिश वादक आले, एक वेल्श. धातूच्या तारा लांब वाढवलेल्या नखांनी छेडण्याची जुनी पद्धत त्यांच्यापैकी एकाच्याच, नव्वदी ओलांडलेल्या डेनिस हेम्पसन यांच्या, हातात उरली होती. लिहून घेण्याचे काम एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाकडे दिले गेले. त्याने ते निष्ठेने केले. पण १७९६ मध्ये त्याचे पुस्तक निघाले तेव्हा त्या चाली पियानोवर वाजवण्याजोग्या झाल्या होत्या, त्यांच्याखाली युरोपीय पद्धतीचा खर्ज जोडलेला होता आणि त्या युरोपीय स्वरसप्तकात बसवलेल्या होत्या. चाल वाचली, वाजवण्याची रीत गेली. मौलाबक्षांपासून भातखंड्यांपर्यंत आपल्याकडेही स्वरलिपीचे प्रयोग झाले. पण आपल्याकडे लिपी आली तेव्हा गुरू जिवंत होते आणि लिपीकडे आठवणीचा आधार म्हणूनच पाहिले गेले. आयर्लंडमध्ये हार्पच्या बाबतीत लिपी उरली आणि गुरू गेले. जाता जाता एक योगायोग : ‘जन गण मन’ची चाल युरोपीय स्वरलिपीत उतरवण्याचे काम १९१९ साली मदनपल्लीला मार्गारेट कझिन्स यांनी केले. त्याही आयरिश होत्या आणि संगीताच्या पदवीधर होत्या.

बंटिंगनंतर दीडशे वर्षे ‘आयरिश अभिजात संगीत’ म्हणजे बहुधा लोकगीताला वाद्यवृंदाचा कोट चढवणे, अशीच समजूत राहिली. तिचा खरा ताण शॉन ओ रीआदा यांच्या आयुष्यात दिसतो. १९३१ मध्ये जन्मलेल्या या रचनाकाराने पन्नासच्या दशकात युरोपातील आधुनिक तंत्रे आत्मसात करून ‘नोमॉस’ नावाच्या वाद्यवृंदरचना लिहिल्या. १९५९ साली ‘मिशे एरे’, म्हणजे ‘मी आयर्लंड’, या माहितीपटासाठी त्यांनी लोकधून मोठ्या वाद्यवृंदावर चढवली आणि एका रात्रीत ते देशाचे लाडके झाले. लोकांना हेच हवे होते. त्यांनी मात्र वाद्यवृंदाकडेच हळूहळू पाठ फिरवली. पारंपरिक वादकांचा निराळा संच बांधला, आणि कॉर्क परगण्यातल्या कूल ए या आयरिशभाषक खेड्यात जाऊन राहिले. तेथे त्यांनी पुरुषांचे गायकवृंद उभारले. १९७१ मध्ये चाळिसाव्या वर्षी ते वारले. दोन जगे एका माणसात नांदू शकत नाहीत, असा निष्कर्ष पुष्कळांनी त्यांच्या आयुष्यावरून काढला. मला तो घाईचा वाटतो. नांदण्यासाठी लागणारे घर तेव्हा बांधलेलेच नव्हते.

ते घर पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत बांधले गेले, आणि तेही तुकड्यातुकड्याने. कॉर्कच्या आंतरराष्ट्रीय समूहगान महोत्सवात १९६२ पासून दरवर्षी नव्या रचना मागवल्या जाऊ लागल्या. त्या नुसत्या गायल्या जात नसत. रचनाकाराला समोर बसवून तिचे विश्लेषण होई, प्रश्नोत्तरे होत. १९६९ साली डब्लिनमध्ये विसाव्या शतकातील संगीताचा महोत्सव सुरू झाला. १९७६ मध्ये जेन ओ’लिअरी या अमेरिकेत जन्मलेल्या आणि आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या रचनाकर्तीने ‘कॉनकॉर्ड’ हा नव्या संगीतालाच वाहिलेला छोटा वादकसंच काढला. १९८१ मध्ये डब्लिनला नॅशनल कॉन्सर्ट हॉल उघडले; त्याआधी राष्ट्रीय वाद्यवृंदाला स्वतःचे म्हणावे असे सभागृह नव्हते.

त्याच वर्षी शासनाच्या कला परिषदेने ‘ईसडॉना’ ही संस्था स्थापली. आपल्या अकादम्यांशी संबंध असलेल्या वाचकांनी तिच्याकडे जरा थांबून पाहावे. जुन्या गेलिक समाजातल्या कवी-कलावंतांच्या वर्गाचे नाव तिने घेतले आहे. सदस्यसंख्येला २५० ची मर्यादा आहे, आणि नवा सदस्य शासन नेमत नाही, आधीचे सदस्य निवडतात. ज्यांचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत आहे आणि जे पूर्णवेळ निर्मिती करतात त्यांना ‘क्नूअस’ नावाचे वेतन मिळते. पुरस्कार केलेल्या कामाची पावती असतो. हे वेतन न केलेल्या कामासाठी आहे. यांतल्या मोजक्यांना ‘सी’, म्हणजे ज्ञानी, ही पदवी मिळते आणि राष्ट्राध्यक्ष त्यांच्या गळ्यात सोन्याचे पिळदार कडे घालतात. एका वेळी असे सातच असतात. हा मान मिळवणारे पहिले रचनाकार शोर्शा बॉडली, २००८ मध्ये. संस्थेच्या स्थापनेपासून तेथवर सत्तावीस वर्षे गेली, यावरूनही लेखकांच्या तुलनेत रचनाकारांचे स्थान कळते.

१९८६ मध्ये ‘कंटेम्पररी म्यूझिक सेंटर’ निघाले. त्याचे काम दिसायला कारकुनी वाटेल : आयर्लंडच्या उत्तर-दक्षिण दोन्ही भागांतल्या रचनाकारांच्या संहिता आणि ध्वनिमुद्रणे जमवणे, सूची ठेवणे, मागेल त्या वादकाला प्रत पुरवणे. पण दुसऱ्यांदा वाजण्याचा प्रश्न सुटतो तो असल्या कारकुनीनेच. पहिल्या प्रयोगाला वर्तमानपत्रात बातमी येते, रचनाकाराचे आप्तेष्ट येतात. पाच वर्षांनी हेलसिंकीतल्या एखाद्या क्लॅरिनेटवादकाला ती रचना वाजवावीशी वाटली तर प्रत मिळणार कोठे? प्रत मिळाली नाही तर रचना मेली. या केंद्राची कचेरी बरीच वर्षे डब्लिनच्या फिशॅम्बल स्ट्रीटवर होती. हँडलच्या ‘मसाया’चा पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी याच गल्लीत झाला होता. ते तेव्हाचे नवे संगीतच.

१९९७ मध्ये या घराला एक गोंगाटी खोली जोडली गेली. डोनाखा डेनही हे १९७० साली डब्लिनमध्ये जन्मलेले रचनाकार. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर ‘क्रॅश आँसाम्ब्ल’ स्थापन केला. व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट यांच्या शेजारी इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, संगणक, सगळ्यांपुढे मायक्रोफोन. रॉक मैफलीचा जोम आणि लिखित संगीताची काटेकोर आखणी एकत्र आणावी, हा त्यांचा बेत. त्यांची बरीचशी रचना वाद्यांच्या एकसारख्या, जोरकस लयीवर उभी असते.

याच संचासाठी २००७ साली डेनही यांनी ‘ग्रॉ अगस बॉस’ लिहिले. नावाचा अर्थ ‘प्रेम आणि मृत्यू’. सुमारे पंचवीस मिनिटांची ही रचना मला गेल्या काही दशकांतल्या आयरिश संगीतातली सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती समजायला भारतीय कान अधिक तयार आहेत असेही वाटते. म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर.

तिच्या केंद्रस्थानी वाद्य नाही, एक गायक आहे : इअर्ला ओ लिनॉर्ड. ते ‘शान-नोस’ गातात. शब्दशः अर्थ ‘जुनी रीत’. आयरिश भाषेतली ही गायकी साथीशिवाय असते. ठेका नसतो, शब्दांच्या ओघाने लय ताणली-आवळली जाते. दर कडव्याला चाल तीच, पण हरकती वेगळ्या, आणि त्या कोठे किती घ्याव्यात हे गायकाच्या आणि त्याच्या मुलखाच्या वळणावर ठरते. कॉनेमाराचा गळा नक्षीदार, डोनेगॉलचा त्या मानाने साधा. ऐकणारा मध्येच उत्तेजनाचे शब्द टाकतो. कधी शेजारचा माणूस गायकाचा हात हातात धरून गाण्याबरोबर फिरवत राहतो. मैफलीत ‘क्या बात है’ म्हणणाऱ्या आपल्या श्रोत्याला हे परके वाटू नये. हे ओ लिनॉर्ड वाढले कूल ए या गावात, आणि लहानपणी गायले ते ओ रीआदांनी सुरू केलेल्या गायकवृंदात. ओ रीआदा वाद्यवृंद सोडून ज्या खेड्यात गेले, त्याच खेड्यातला गायक एका पिढीनंतर वादकसंचासमोर येऊन उभा राहिला.

आता प्रश्न असा, की अशा गळ्याखाली वाद्ये काय वाजवणार? बंटिंगची चूक पुन्हा करायची तर पियानोचे ठरीव स्वर खाली भरता येतील. पण शान-नोसमधले कित्येक स्वर पियानोच्या पट्ट्यांच्या मधल्या फटीत राहतात, जसे आपल्या गायकाचे अनेक स्वर पेटीत सापडत नाहीत. डेनही यांनी दुसरा मार्ग धरला. कोणताही एक स्वर वाजला की त्याच्या पोटातून वरचे अनेक सूक्ष्म स्वर आपोआप निघतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कोणी न छेडता गंधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो या मालिकेतला पाचवा. मालिका तेथे थांबत नाही. सातवा स्वर पेटीच्या कोमल निषादापेक्षा उतरलेला निघतो. अकरावा तर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या जवळजवळ मधोमध पडतो. पेटीवर त्याला जागाच नाही. डेनही या स्वयंभू स्वरांचे थर रचून वाद्यांचे मेळ बांधतात. व्हायोलिन-चेलोवादकाला त्यासाठी बोट किंचित सरकवावे लागते, क्लॅरिनेटवादकाला नेहमीपेक्षा वेगळी भोके झाकावी लागतात, आणि संहितेत स्वरांजवळ वर-खाली दाखवणाऱ्या खास खुणा येतात. गायकाला पेटीच्या मापात बसवण्याऐवजी त्यांनी वाद्यांनाच तंबोरा केले, असे म्हणता येईल.

शब्दांचेही असेच. मूळ शान-नोस गीते अखंड येत नाहीत. त्यांच्यातले शब्द, स्वराकार, तुकडे सुटे होऊन पुन्हा पुन्हा येतात, आणि वाद्यांच्या ठाम लयीवर गायकाचा स्वर चढत चढत जातो. आयरिश न कळणाऱ्यालाही ‘ग्रॉ’ आणि ‘बॉस’ हे दोन शब्द कानात राहतात. बहुतांश आयरिश श्रोत्यांची स्थितीही फार निराळी नसते. संविधानाच्या आठव्या कलमाने आयरिश ही राष्ट्रभाषा आणि पहिली राजभाषा आहे. २०२२ च्या जनगणनेत अठरा लाखांहून अधिक लोकांनी ती येते असे सांगितले. पण शिक्षणाच्या बाहेर ती रोज बोलणारे जेमतेम ७२ हजार निघाले. शाळेत शिकलेली, मनात आदर असलेली, पण बाजारात न लागणारी भाषा. सभागृहात तिच्यातले दोन शब्द पंचवीस मिनिटे घुमत राहिले, तर श्रोत्याच्या आत काय होत असेल याची कल्पना महाराष्ट्राबाहेर तिसऱ्या-चौथ्या पिढीत मराठी जपणाऱ्या घरांना करता यावी.

डेनही यांनी पुढे ‘द हंगर’ ही मोठी कृती लिहिली. विषय १८४५ पासूनचा बटाट्याच्या पिकावरील रोगाने आलेला दुष्काळ. सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली, आणि घाव सर्वाधिक बसला तो पश्चिमेकडील आयरिशभाषक गरिबांवर. डेनही यांनी कथा निवडली ती आसेनाथ निकल्सन या अमेरिकन स्त्रीची. तिने दुष्काळात पायी हिंडून, अन्न वाटून जे पाहिले ते लिहून ठेवले होते. तिचे इंग्रजी एक सोप्रानो गाते, उपाशी माणसाचे आयरिश ओ लिनॉर्ड गातात. पाहणाऱ्याची भाषा एक, भोगणाऱ्याची दुसरी. दोन गायनपद्धती एकमेकींत मिसळत नाहीत, आणि त्या न मिसळण्यातच कृतीचे सारे दुःख आहे. २०१६ साली न्यूयॉर्कमधील रंगमंचीय प्रयोगात अर्थतज्ज्ञ आणि विचारवंतांच्या चित्रित मुलाखतीही मध्ये मध्ये येत होत्या. मला ध्वनिमुद्रणातली, मुलाखतींशिवायची आवृत्ती अधिक भिडते. दुष्काळाचे अर्थशास्त्र समजावून द्यायला संगीताची गरज नसते.

जेराल्ड बॅरी यांच्याकडे वळल्यावर हवा एकदम बदलते. १९५२ मध्ये क्लेअर परगण्यात जन्म, कोलोनला श्टोकहाउझेन आणि कागेल यांच्याकडे शिक्षण. डेनही परंपरेच्या आत कान लावतात; बॅरी वारसा हातात घेतात आणि आपटतात. त्यांनी ऑस्कर वाइल्डच्या १८९५ सालच्या ‘द इंपॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या विनोदी नाटकाचा ऑपेरा केला. मूळ संवाद निम्म्याहून अधिक कापले. लेडी ब्रॅकनेल ही खानदानी बाई खर्जाच्या पुरुषी आवाजाला दिली. दोन तरुणींच्या चहाच्या टेबलावरील गोड-विषारी भांडणात त्या कर्ण्यातून ओरडतात आणि प्रत्येक तुटक शब्दागणिक तालवादक चिनी मातीची एक बशी फोडतो. अशा चाळीस बशा लागतात. शब्दांवरचे आघात मुद्दाम चुकीच्या जागी पडतात, वेग इतका की इंग्रजी श्रोत्यालाही वर पडद्यावर इंग्रजी मजकूर वाचावा लागतो. वाइल्डची वाक्ये इतकी घासून गुळगुळीत झाली आहेत की ती ऐकूच येत नाहीत. मोडल्यावर ती पुन्हा ऐकू येतात. पाठ झालेल्या नाट्यपदाचे शब्द शेवटचे केव्हा ऐकले होते, असा प्रश्न आपणही स्वतःला विचारून पाहावा.

या ऑपेराचा प्रवास मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये पहिला प्रयोग लॉस एंजेलिसला, मग लंडनला, दोन्ही नेपथ्याविना. पहिला पूर्ण रंगमंचीय प्रयोग २०१३ मध्ये फ्रान्समधल्या नान्सी शहरात. आयर्लंडमध्ये तो त्यानंतर पोचला. डब्लिनमध्ये जन्मलेल्या नाटककाराचे नाटक, आयरिश रचनाकार, आणि घरी यायला इतका फेरा. मागणी देणाऱ्या मोठ्या संस्था जेथे असतात तेथे पहिला प्रयोग होतो, हे त्याचे सरळ कारण. डब्लिनमध्ये स्वतंत्र ऑपेरागृह नाही.

तिसरे नाव जेनिफर वॉल्श यांचे. जन्म १९७४, डब्लिन. स्वतः गायिका, नटी, चित्रफितींच्या कर्त्या. रचनाकाराने केवळ स्वरच नव्हे तर वादकाचे शरीर, हावभाव, श्वास हेही रचनेचे द्रव्य मानावे, असा त्यांचा आग्रह. २०१५ साली त्यांनी ‘अश्त्याख’ प्रसिद्ध केले. आयरिशमध्ये या शब्दाचा अर्थ ‘विचित्र’. हा आयर्लंडमधल्या प्रयोगशील संगीताचा ऐतिहासिक संग्रह आहे : छायाचित्रे, चरित्रे, लेख, जुनी ध्वनिमुद्रणे. त्यात गिनेसच्या दारूभट्टीत काम करणारे दादावादी आहेत, आणि ऑर्गनवर एकच लांब स्वर तासन्‌तास धरून बसणारी एक जोगीण आहे. यांपैकी कोणीही कधी अस्तित्वात नव्हते. वॉल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सारे बेमालूम रचले आहे, संगीतासकट.

थट्टा म्हणून हे सोडून देता येत नाही. पॅरिस किंवा व्हिएन्नाच्या रचनाकाराला बंड करायलाही पूर्वज असतात. ज्या समाजात गरिबी, दुष्काळ आणि परसत्ता यांमुळे ती साखळीच तयार झाली नाही, तेथल्या कलावंताने काय करावे? वॉल्श म्हणतात तसे नव्हे, पण त्यांच्या कृतीतून सुचते असे, की नसलेले आजोबा-आजी आपणच कल्पावेत आणि त्यांच्याशी भांडायला बसावे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या संग्रहाकडे कादंबरी म्हणून पाहिले तरी चालेल. २०२० मध्ये त्यांनी ‘आयर्लंड : अ डेटासेट’ केले. त्यात ‘आयरिशपणा’च्या ठरीव ध्वनींवर यंत्राला शिकवून त्याच्याकडून निघालेले विचित्र तुकडे गायकांच्या तोंडी दिले आहेत. पर्यटकांना विकला जाणारा आयर्लंड यंत्राच्या तोंडून ऐकताना हसू येते, आणि मग जरा भीती वाटते.

पण कल्पित पूर्वजांच्या या गोतावळ्यात एक खरी व्यक्ती विसरली गेली होती. ईना बॉयल, १८८९ ते १९६७. विकलो परगण्यातील एन्निस्केरीजवळच्या घरात तिने सारे आयुष्य काढले. १९२३ पासून ती बोटीने समुद्र ओलांडून लंडनला व्हॉन विल्यम्स यांच्याकडे धडे घ्यायला जाई. परत आली की पुन्हा तो एकांत. ‘द मॅजिक हार्प’ या वाद्यवृंदरचनेला तरुणपणी ब्रिटनमधील कार्नेगी न्यासाचा सन्मान मिळाला, आणि त्यानंतर दशकामागून दशके ती लिहीत राहिली. सिंफनी, व्हायोलिन कन्चेर्टो, बॅले, गीते. संहिता कंडक्टरांना पाठवायची, त्या नकाराच्या पत्रासह परत यायच्या. बहुतेक रचना तिने स्वतः कधी ऐकल्याच नाहीत. हस्तलिखिते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली, म्हणून निदान राहिली.

तिच्यासारख्या स्त्रियांची आठवण उशिरा आणि भांडणातून आली. २०१६ मध्ये, १९१६ च्या उठावाच्या शताब्दीनिमित्त, शंभर वर्षांच्या आयरिश संगीताचा मोठा महोत्सव डब्लिनला झाला. त्यात स्त्रियांच्या रचना किती थोड्या, यावरून वाद पेटला. त्यातून पुढच्या वर्षी ‘साउंडिंग द फेमिनिस्ट्स’ ही चळवळ उभी राहिली, आणि २०१८ पासून नॅशनल कॉन्सर्ट हॉलबरोबर तिचा पाच वर्षांचा कार्यक्रम चालला : नव्या रचनांच्या मागण्या आणि जुन्यांचे प्रयोग. आजची स्थिती पाहिली तर लिंडा बकली, शिवॉन क्लिअरी, कॅरन पॉवर, अ‍ॅन क्लिअर ही नावे कार्यक्रमपत्रिकांत नित्याची झाली आहेत. ऑफली परगण्यातील अ‍ॅन क्लिअर यांना २०१९ मध्ये जर्मनीचा एर्न्स्ट फॉन सीमेन्स रचनाकार पुरस्कार मिळाला. त्यांच्या संगीतात चाल शोधू नये. धातू, श्वास, घर्षण यांचे पोत एकमेकांवर सरकत राहतात, आणि वादक कित्येकदा सभागृहात वेगवेगळ्या जागी उभे असतात. ध्वनिमुद्रणातून तिचा निम्माच अनुभव येतो.

प्रयोगांच्या जागाही बदलत आहेत. २०१३ पासून ‘न्यू म्यूझिक डब्लिन’ हा महोत्सव भरतो. बेलफास्टला क्वीन्स विद्यापीठात ध्वनिकलेची प्रयोगशाळा आहे. २००४ मध्ये तिचे उद्घाटन खुद्द श्टोकहाउझेन यांच्या हस्ते झाले. तेथे श्रोते जाळीच्या जमिनीवर बसतात आणि आवाज त्यांच्या पायांखालूनही येतो. १९४८ पासून आकाशवाणीच्या छत्राखाली असलेला राष्ट्रीय सिंफनी वाद्यवृंद जानेवारी २०२२ मध्ये नॅशनल कॉन्सर्ट हॉलकडे सोपवला गेला; सभागृह आणि वादक प्रथमच एका व्यवस्थापनाखाली आले.

वर्गात किंवा घरी हे ऐकायचे असेल तर सुरुवात ‘ग्रॉ अगस बॉस’ने करावी; त्याचे ध्वनिमुद्रण २०११ पासून उपलब्ध आहे. आधी ओ लिनॉर्ड यांचे साथीशिवायचे एखादे गाणे ऐकावे, जमल्यास तंबोरा लावून त्यातला गंधार विद्यार्थ्यांना ओळखायला सांगावा, आणि मग रचना लावावी. बॅरी यांचा ‘अर्नेस्ट’ नाटकाची संहिता हातात ठेवून ऐकावा, म्हणजे काय काय गाळले ते कळते आणि हसायला दुप्पट कारण मिळते. आणि ईना बॉयलचा व्हायोलिन कन्चेर्टो शेवटी. तो तिने तीसच्या दशकात लिहिला. त्याचे ध्वनिमुद्रण २०१८ मध्ये निघाले, ती गेल्यानंतर एक्कावन्न वर्षांनी. वाजवणारा वाद्यवृंद लंडनचा होता.